विश्लेषण : नोकरी सांभाळून फ्रीलान्स काम… कर किती आणि कधी भरायचा?

पुण्यातील आयटी कंपनीत नोकरी करणाऱ्या एका तरुणीचे उदाहरण घेऊ. वार्षिक वेतन १२ लाख ७५ हजार रुपये. नव्या करप्रणालीत तिला प्राप्तिकर शून्य. शनिवार-रविवारी एका छोट्या कंपनीसाठी सॉफ्टवेअरचे काम करून तिने वर्षभरात आणखी एक लाख रुपये मिळवले. त्या कंपनीने १० टक्के टीडीएस कापून ९० हजार रुपये खात्यात जमा केले. आपल्याला कर लागूच नाही, तेव्हा हे १० हजारही परत मिळतील, असा तिचा हिशेब. प्रत्यक्षात परतावा मिळणार नाहीच, उलट आणखी ४२ हजार रुपये भरावे लागतील. हे कसे होते आणि ते आधीच कसे ओळखायचे? चालू आर्थिक वर्षाच्या अग्रिम कराचा तिसरा हप्ता १५ डिसेंबर २०२५ रोजी आहे. गेल्या वर्षीचे विवरणपत्र दुरुस्त करण्याची मुदत ३१ डिसेंबरला संपते. त्या पार्श्वभूमीवर हा आढावा.

सर्व जोडउत्पन्न एकाच प्रकारचे असते का?

नाही. पहिला प्रश्न आहे तो पैसा कोणत्या नात्याने मिळाला हा. एकाच वेळी दोन ठिकाणी पगारी नोकरी असेल, तर दोन्हीकडचे उत्पन्न ‘वेतन’ ठरते. तिथे खर्चाची वजावट नाही आणि ७५ हजार रुपयांची प्रमाणित वजावटही दोनदा नाही, एकदाच.

कंत्राटावर, कामापुरते पैसे घेऊन केलेले काम मात्र वेतन नसते. वेबसाइट तयार करणे, सल्ला देणे, आराखडे काढणे, भाषांतर करणे, ऑनलाइन शिकवणी घेणे ही कामे नियमित होत असतील तर ते ‘व्यवसायाचे उत्पन्न’. एखाद्या दिवाळी अंकातील लेखाचे मानधन, एखाद्या व्याख्यानाचे मानधन, उत्तरपत्रिका तपासण्याचा मोबदला असे अधूनमधून मिळणारे पैसे साधारणपणे ‘इतर स्रोतांतील उत्पन्न’ या सदरात दाखवले जातात. ही विभागणी केवळ कागदी नाही. कोणता खर्च वजा होईल, कोणते विवरणपत्र भरायचे आणि करप्रणाली बदलता येईल की नाही, हे सारे त्यावर ठरते.

दुसरी नोकरी असेल तर धक्का मोठा असू शकतो. दोन कंपन्या प्रत्येकी १० लाख रुपये वेतन देत असतील आणि दोघींना एकमेकींची माहिती नसेल, तर प्रत्येक कंपनी प्रमाणित वजावट देऊन सव्वानऊ लाखांवर हिशेब करते. १२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणून दोघीही टीडीएस कापत नाहीत. पण करदात्याचे एकत्रित उत्पन्न १९ लाख २५ हजार रुपये होते. त्यावर उपकरासह १ लाख ९२ हजार ४०० रुपये कर आहे. तो विवरणपत्र भरताना एकदम समोर येतो.

टीडीएस कापला म्हणजे कर भरून झाला का?

सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. टीडीएस ही कराची उचल असते, अंतिम कर नव्हे. व्यावसायिक शुल्कावर कलम १९४जे नुसार १० टक्के, तर तांत्रिक सेवांच्या शुल्कावर २ टक्के कपात होते. कंत्राटी कामाच्या कलम १९४सी खाली व्यक्तीसाठी हा दर एक टक्काच आहे. पैसे देणाऱ्याला तुमचे वेतन किती, तुम्ही कोणत्या टप्प्यात येता, हे माहीत नसते. तो फक्त ठरलेला दर लावतो.

प्रत्यक्ष कर मात्र वेतन आणि जोडउत्पन्न यांच्या बेरजेवर लागतो. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि २४ लाखांपुढे ३० टक्के दर आहे. त्यावर ४ टक्के उपकर. खालचे टप्पे वेतनानेच भरलेले असतात. त्यामुळे फ्रीलान्स कामाचा प्रत्येक रुपया करदात्याच्या सर्वात वरच्या टप्प्यात जाऊन बसतो. ज्याचे वेतनच २४ लाखांच्या पुढे आहे, त्याच्या जोडउत्पन्नावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के दर लागतो, आणि हातात मात्र १० टक्के कापूनच रक्कम आलेली असते.

उलट बाजूही आहे. १९४जे ची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३० हजारांवरून ५० हजार रुपये झाली आहे आणि ती प्रत्येक पैसे देणाऱ्यासाठी वेगळी मोजली जाते. पाच ग्राहकांनी प्रत्येकी ४० हजार दिले तर वर्षाला दोन लाख मिळूनही एक रुपया टीडीएस कापला जात नाही. टीडीएस नाही म्हणून उत्पन्न करमुक्त होत नाही. ते दाखवण्याची जबाबदारी पूर्णपणे करदात्याची.

१२ लाखांच्या उंबरठ्यावर काय घडते?

सुरुवातीच्या उदाहरणाचे उत्तर इथे आहे. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, असे म्हटले जाते तेव्हा ती टप्प्यातली सूट नसते. त्या उत्पन्नावर ६० हजार रुपये कर येतोच. कलम ८७ए खालील रिबेट तो पुसून टाकते. उत्पन्न १२ लाखांच्या वर गेले की रिबेट जाते. मग हजार रुपये जास्त मिळाल्याबद्दल ६० हजार कर भरावा लागू नये, म्हणून मार्जिनल रिलीफची तरतूद आहे. १२ लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, असा तिचा अर्थ. हा दिलासा आहे, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की त्या पट्ट्यात वरचे सगळे करपात्र उत्पन्न करात जाते. साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हीच स्थिती राहते. त्यानंतर नेहमीचे दर लागू होतात.

आता आकडे पाहू. तरुणीचे वेतन प्रमाणित वजावटीनंतर बरोबर १२ लाख. तिने एक लाखाच्या फ्रीलान्स उत्पन्नातील निम्मे, म्हणजे ५० हजार, अनुमानित पद्धतीने नफा म्हणून दाखवले. एकूण उत्पन्न साडेबारा लाख. दरांप्रमाणे कर ६७,५०० होतो. मार्जिनल रिलीफमुळे तो ५० हजारांवर थांबतो. उपकर धरून ५२ हजार. त्यातून १० हजार टीडीएस वजा जाता ४२ हजार शिल्लक. तोच एक लाख रुपया खर्चाच्या वजावटीशिवाय ‘इतर स्रोतांत’ दाखवला तर एकूण उत्पन्न १३ लाख आणि कर ७८ हजार रुपये होतो.

हा फटका पहिल्या लाखाला सर्वाधिक बसतो. अनुमानित पद्धतीने पहिल्या लाखावर ५२ हजार, दुसऱ्या लाखावर आणखी २६ हजार आणि तिसऱ्या लाखावर फक्त ७,८०० रुपये वाढतात. म्हणजे वेतन या उंबरठ्यावर असलेल्याने वर्षाअखेरीस एखादे लहान काम घेतले तर त्यातून हाती फारसे काही उरत नाही. याचा अर्थ काम नाकारावे असा नाही. पण दर ठरवताना आणि पैसे खर्च करण्यापूर्वी हे गणित मांडलेले बरे. नव्या प्रणालीत वजावटी मोजक्या आहेत. कंपनीने कर्मचाऱ्याच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या खात्यात भरलेली रक्कम मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. कंपनीत ती सोय असेल तर उंबरठ्यावरच्या कर्मचाऱ्याला तिचा उपयोग होऊ शकतो.

प्रत्यक्ष खर्च दाखवावा की अनुमानित पद्धत घ्यावी?

कलम ४४एडीए खाली ठरावीक व्यवसाय करणाऱ्याला एकूण जमेच्या किमान ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते. उरलेली रक्कम खर्च झाली असे कायदाच धरतो. पावत्यांचा हिशेब नको, वह्या नकोत. वार्षिक जमेची मर्यादा ५० लाख रुपये आहे. रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा अधिक नसेल तर ७५ लाख.

पण ही सवलत सर्वांना नाही. कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, लेखाकर्म, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, चित्रपट कलावंत, कंपनी सचिव अशा नेमलेल्या व्यवसायांसाठीच ती आहे. ‘चित्रपट कलावंत’ या व्याख्येत संकलक, गीतकार, कथा-पटकथा-संवाद लेखक, वेशभूषाकारही येतात. भाषांतरकार, शिकवणी घेणारे, लेखनकाम करणारे यांची नावे यादीत थेट नाहीत. त्यांना अनुमानित पद्धतीचे कोणते कलम लागू होते याबाबत कर सल्लागारांमध्ये एकमत नाही, म्हणून सल्ला घेऊनच निर्णय करावा. पगारी नोकरीलाच ‘सल्लागार’ असे नाव देऊन निम्मे उत्पन्न खर्चात घालणे, हा या कलमाचा उपयोग नव्हे. ठरलेल्या वेळा, रजा आणि वरिष्ठांचे नियंत्रण असेल तर कागदावर काहीही लिहिले तरी विभाग त्याला नोकरी म्हणू शकतो.

प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून अधिक असेल तर? तो दाखवता येतो. पण नेमलेल्या व्यवसायात ५० टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर हिशेबाच्या वह्या ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. नोकरदाराचे उत्पन्न बहुधा त्या मर्यादेच्या वर असतेच. दोन-तीन लाखांच्या फ्रीलान्स कामासाठी सनदी लेखापालाचे शुल्क भरण्यात अनेकदा वाचलेला करही निघून जातो. ज्यांना ४४एडीए लागू नाही, त्यांनी कामासाठीच झालेला खर्च वजा करावा: सॉफ्टवेअरचे वर्गणीशुल्क, इंटरनेट आणि फोनचा कामापुरता भाग, कामासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर ४० टक्के दराने घसारा. लॅपटॉप वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर घसारा निम्मा. घरातले सगळे वीजबिल किंवा सहलीचे तिकीट यात बसत नाही.

अग्रिम कर कोणी आणि केव्हा भरायचा?

टीडीएस वजा जाता वर्षाचा देय कर १० हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर अग्रिम कर भरावा लागतो. हप्ते चार: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. अनुमानित पद्धत घेणाऱ्यांना मात्र एकच तारीख, १५ मार्च. त्यामुळे आपण कोणत्या पद्धतीत आहोत हे डिसेंबरपूर्वीच ठरवावे.

चुकवले तर कलम २३४बी आणि २३४सी खाली महिन्याला एक टक्का दराने व्याज लागते. उदाहरणातील तरुणीने ४२ हजारांपैकी मार्चपर्यंत काहीच न भरता जुलैत भरले, तर व्याज सुमारे २,१०० रुपये. रक्कम मोठी नाही. खरी अडचण वेगळी असते: वर्षभर आलेले पैसे तोवर खर्च झालेले असतात आणि जुलैत एकदम मोठी रक्कम उभी करावी लागते. म्हणून फ्रीलान्सचे पैसे वेगळ्या बचत खात्यात घ्यावेत आणि प्रत्येक जमेतून आपल्या वरच्या टप्प्याच्या दराइतका भाग बाजूला ठेवावा. अनुमानित पद्धत असेल तर त्याच्या निम्मा पुरतो. १२ लाखांच्या उंबरठ्यावर असलेल्यांनी मात्र अधिक ठेवावा.

ही रक्कम वेतनातूनच कापून घेण्याचा मार्गही आहे. इतर उत्पन्नाची आणि त्यावर कापलेल्या टीडीएसची माहिती फॉर्म १२बीएए भरून कंपनीला दिली, की कंपनी वेतनातून जास्त टीडीएस कापते. मग अग्रिम कराची धावपळ उरत नाही. पण त्यात एक मेख आहे.

कंपनीला हे उत्पन्न सांगावेच लागते का?

प्राप्तिकर कायद्यानुसार नाही. इतर उत्पन्न कंपनीला कळवणे ऐच्छिक आहे. फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, करदात्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसतात. कंपनीला ते पाहता येत नाहीत. मात्र १२बीएए भरला की जोडउत्पन्नाची माहिती मनुष्यबळ विभागाच्या टेबलावर जाते.

इथे कराचा प्रश्न संपतो आणि नोकरीच्या कराराचा सुरू होतो. मूनलायटिंगवरून २०२२ मध्ये देशभर वाद झाला. विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम करणाऱ्या ३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी सप्टेंबरमध्ये सांगितले. इन्फोसिसने आधी कर्मचाऱ्यांना इशारा दिला आणि नंतर पूर्वपरवानगीने, हितसंबंधांना बाधा येत नसेल तर बाहेरचे काम करण्याची मुभा दिली. स्विगीने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परवानगीचे धोरणच जाहीर केले होते. सरकारी कर्मचाऱ्यांवर सेवा वर्तणूक नियमांची बंधने आहेत. अधूनमधूनचे साहित्यिक-कलाविषयक काम वगळता खासगी व्यवसायासाठी परवानगी लागते.

प्राप्तिकर विभाग काम परवानगीने केले की विनापरवानगी, हे विचारत नाही. उत्पन्न झाले की कर लागतो. तसेच कर भरला म्हणून कराराचा भंग माफ होत नाही. कंपनीला कळू नये म्हणून उत्पन्नच लपवणे हा सर्वात वाईट मार्ग आहे. तिथे नोकरीच्या जोखमीत दंडाची भर पडते. कंपनीला न सांगताही कर भरता येतो: अग्रिम कर स्वतः भरायचा आणि विवरणपत्रात उत्पन्न दाखवायचे. पत्नी, पती किंवा आईवडिलांच्या नावाने बिल काढण्याची युक्तीही टिकत नाही. काम ज्याने केले, उत्पन्न त्याचेच धरले जाते.

कोणते विवरणपत्र भरावे?

केवळ वेतन असणारे बहुतेक जण आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’ भरतात. फ्रीलान्स व्यवसायाचे उत्पन्न आले की ते चालत नाही. अनुमानित पद्धत असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल तर आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’, अन्यथा आयटीआर-३. वर्षभरात शेअर विकून अल्पकालीन नफा झाला असेल तर अनुमानित पद्धत असूनही आयटीआर-३ भरावे लागते, कारण ‘सुगम’मध्ये सूचिबद्ध शेअर-फंडांवरील सव्वा लाखांपर्यंतच्या दीर्घकालीन नफ्याखेरीज भांडवली नफा दाखवता येत नाही.

एक परिणाम फारसा कुणी लक्षात घेत नाही. केवळ वेतन असणाऱ्याला दरवर्षी जुनी किंवा नवी प्रणाली निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असेल तर जुनी प्रणाली घेण्यासाठी मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा जुन्यातून नव्यात परतले की व्यवसायाचे उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुन्यात जाता येत नाही. गृहकर्ज आणि घरभाडे भत्त्यामुळे जुन्या प्रणालीत राहिलेल्या नोकरदारांनी फ्रीलान्स काम सुरू करताना हा भाग आधी तपासावा.

परदेशी ग्राहक आणि जीएसटीचे काय?

भारतात राहून परदेशी ग्राहकाचे काम केले तरी निवासी भारतीयाला त्यावर इथेच कर लागतो. पैसे डॉलरमध्ये आले किंवा ऑनलाइन पेमेंट कंपनीमार्फत आले म्हणून काही बदलत नाही. परदेशी ग्राहक भारतीय टीडीएस कापत नाही, म्हणून इथे अग्रिम कराची जबाबदारी जवळपास पूर्ण करदात्यावर येते. परदेशात कर कापला गेला असेल तर दुहेरी करटाळणी कराराखाली त्याचे श्रेय मागता येते. त्यासाठी फॉर्म ६७ भरावा लागतो. बँकेकडून परकीय चलन जमा झाल्याचा दाखला जपून ठेवावा.

जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याला वार्षिक २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. कर्मचाऱ्याने मालकाला दिलेली सेवा जीएसटीच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे वेतन या २० लाखांत धरले जात नाही. परराज्यातील ग्राहकाला सेवा दिली तरी मर्यादा तीच. निर्यात केलेली सेवा शून्य दराची असली तरी तिची रक्कम उलाढालीत मोजली जाते. बहुतेक नोकरदार फ्रीलान्सर या मर्यादेच्या खूप खाली असतात. नोंदणी नसताना बिलात जीएसटी आकारू नये. बिलाला क्रमांक, तारीख, कामाचे वर्णन आणि पॅन एवढे मात्र असावे.

आधी दाखवलेच नसेल तर?

२०२४-२५ च्या उत्पन्नाचे विवरणपत्र भरण्याची मुदत यंदा १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली होती. त्यात फ्रीलान्स उत्पन्न राहून गेले असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येते. त्यासाठी कर आणि व्याज भरावे लागते, वेगळा दंड नाही. सुरुवात एआयएस आणि २६एएस तपासून करावी. टीडीएस कापणाऱ्या प्रत्येकाची नोंद तिथे असते. विभागाची संगणकीय तुलनाही त्याच आधारे होते. २६एएस मध्ये १९४जे ची नोंद आणि हातात आयटीआर-१, ही विसंगती यंत्रणेला सहज दिसते.

ही तारीख हुकली किंवा चूक त्याआधीच्या वर्षांतली असेल, तर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग आहे. २०२५ च्या वित्त कायद्याने त्याची मुदत संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत वाढवली. पण त्याची किंमत आहे. कर आणि व्याजाच्या रकमेवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ६० आणि चौथ्या वर्षी ७० टक्के जादा कर. या मार्गाने परतावा मागता येत नाही. विभागानेच चूक पकडली तर कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या ५० टक्के दंड होऊ शकतो. जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याचे ठरले तर २०० टक्के.

नव्या कायद्याने काय बदलेल?

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू होईल. १९६१ च्या कायद्यातील ८१९ कलमांऐवजी त्यात ५३६ कलमे आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ येईल. ४४एडीए, १९४जे हे ओळखीचे क्रमांक बदलतील. अनुमानित कर आणि टीडीएस या व्यवस्था मात्र कायम आहेत. चालू आर्थिक वर्षाचे, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतचे उत्पन्न जुन्या कायद्यानेच मोजले जाईल.

फ्रीलान्स काम करणाऱ्या नोकरदाराने डिसेंबरात तीन गोष्टी केल्या तरी पुरे. एआयएस उघडून आजवरची जमा पाहायची. मार्चपर्यंत येणाऱ्या पैशांचा अंदाज वेतनात मिळवून एकूण उत्पन्न कोणत्या टप्प्यात जाते ते काढायचे. टीडीएस वजा करून १० हजारांपेक्षा अधिक कर उरत असेल तर आपल्या पद्धतीनुसार १५ डिसेंबर किंवा १५ मार्चला तो भरायचा. पुण्यातल्या त्या तरुणीला ४२ हजार रुपये भरावे लागणारच आहेत. पण ते आज कळले तर ती ते बाजूला ठेवू शकते आणि पुढच्या कामाचे पैसे ठरवताना हा करही हिशेबात धरू शकते.